वर्तनवाद आणि उशिरां आलेला मुलगा

शिक्षणशास्त्राच्या पदविकेस अथवा बी.एड.ला बसणारे उमेदवार अधूनमधून आमच्याकडे येतात. पौड हें मुळशी तालुक्याचें ठाणें. आसपासच्या वाड्यावस्त्यांच्या शाळांत सराव-पाठ घेण्यास निघालेलीं हीं मुलें वाटेंत घटकाभर टेकतात. परीक्षा जवळ आली कीं त्यांचा प्रश्न ठरलेला असतो: "गुरुजी, वर्तनवादावर उत्तर कसें लिहावें?" पाव्हलॉव्हचा कुत्रा, थॉर्नडाइकचें मांजर, स्किनरचा उंदीर, ही सगळी प्राणिशाळा त्यांस मुखोद्गत असते. परंतु हें ज्ञान वर्गांत कोणत्या कामीं येतें असें विचारलें म्हणजे बहुतेक गप्प बसतात. वाचकांपैकीं कित्येकांच्या घरीं लेक किंवा सून हा अभ्यास करीत असेल. लहान मुलें तर बहुतेक घरीं आहेतच. म्हणून या विषयावर चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

या मताचें सार दोन वाक्यांत सांगतां येईल. मुलाच्या मनांत काय चाललें आहे तें शिक्षकास दिसत नाहीं, दिसतें तें वर्तन. तेव्हां त्या वर्तनापूर्वीं काय घडलें आणि त्यानंतर लगेच काय घडलें, एवढें काटेकोरपणें पाहावें. अमेरिकेंत जॉन वॉटसन यानें १९१३ सालीं या मताचा उघड पुकारा केला. पण पाया आधींच घातला गेला होता. थॉर्नडाइकनें भुकेलें मांजर पेटींत कोंडून बाहेर खाद्य ठेविलें व काय होतें तें पाहिलें, ती गोष्ट १८९८ ची. ओरबाडतां ओरबाडतां एकदां चुकून खटका दाबला गेला आणि दार उघडलें. पुढील खेपांस सुटकेस लागणारा वेळ हळूहळू कमी होत गेला. मांजरास युक्ति सुचली नव्हती. ज्या हालचालीच्या पाठोपाठ सुख आलें ती टिकली, बाकीच्या गळून गेल्या.

आतां हेंच सूत्र घेऊन आमच्या तालुक्यांतील आषाढांतल्या एखाद्या सकाळीं वर्गांत उभें राहावें. मुळशीचा पाऊस वाचकांस निदान ऐकून ठाऊक असेल. ओढ्याला पाणी आलेलें. वस्तीवरील मुलगा प्लॅस्टिकचा कागद डोक्यावर घेऊन चिखल तुडवीत येतो आणि अर्ध्या तासानें दारांत उभा राहतो. "या महाराज! आतां उजाडलें वाटतें?" असें गुरुजी म्हणतात, वर्ग हंसतो. गुरुजींच्या समजुतीप्रमाणें त्यांनीं उशिराबद्दल समज दिली. वर्तनवादी म्हणेल कीं त्यांनीं येण्याबद्दल शिक्षा केली. कारण टोमण्याच्या लगेच आधीं मुलानें जें केलें तें दारांत पाऊल टाकणें होय. जो मुलगा घरींच राहिला त्याला कोणी हंसलें नाहीं. असें चार वेळां घडलें कीं पुढें पाऊस उघडला तरी मुलगा येत नाहीं, आणि पालकांच्या उदासीनतेविषयीं मात्र चर्चा होते. आम्हांस या सबंध शास्त्रांत याहून मोलाचा धडा आढळला नाहीं.

छडी गेली हें उत्तम झालें. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा जो कायदा २००९ सालीं झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला, त्याच्या सतराव्या कलमानें शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळासही मनाई केली आहे. या दुसऱ्या शब्दाकडे पुष्कळांचें लक्ष जात नाहीं. शास्त्राची साक्षही याच बाजूची आहे. थॉर्नडाइकनें आरंभीं बक्षीस व शिक्षा यांस सारखेंच वजन दिलें होतें. १९३० च्या सुमारास, नव्या प्रयोगांनंतर, त्यानें तें मत बदललें. बक्षिसानें संवय जितकी दृढ होते तितकी ती शिक्षेनें सुटत नाहीं. शिक्षेनें वर्तन दबतें, आणि शिक्षा करणाराची पाठ वळली कीं पुन्हां डोकें वर काढतें. पंतोजींच्या शाळेंत शिकलेल्या आपल्या वाडवडिलांस हें कळण्यास प्रयोगशाळा लागली नसती.

येथें उमेदवारांची एक हटकून होणारी गफलत सांगितली पाहिजे. 'ऋण प्रबलन' म्हणजे शिक्षा, असें ते लिहून येतात. तें तसें नव्हे. नकोशी गोष्ट दूर झाल्यामुळें आधींचें वर्तन बळावतें, त्यास ऋण प्रबलन म्हणतात. उदाहरणास दूर जावयास नको. सोमवारीं सकाळीं नातवाचें पोट दुखतें, आजी कळवळून म्हणते, "राहूं दे हो आज घरीं." शाळा टळली, पोट थांबलें. पुढील सोमवारीं तें पुन्हां दुखतें, आणि मूल लबाडीच करीत असतें असेंही नाहीं. दुखणें त्याला खरेंच जाणवत असूं शकतें. अशा वेळीं मुलास रागें भरण्यापेक्षां शाळेंत काय नकोसें झालें आहे याचा शोध घ्यावा.

एकत्र कुटुंबास तर स्किनरचें संशोधन मुद्दाम वाचून दाखवावें असें आहे. दर खेपेस दाणा मिळणारा उंदीर दाणा बंद होतांच थोड्या वेळांत कळ दाबणें सोडतो. कधीं मिळे, कधीं न मिळे, अशी ज्याची स्थिति होती तो किती तरी वेळ दाबीतच राहतो. वडील नको म्हणतात, आई नको म्हणते, आणि तिसऱ्या रडण्यास काका मोबाइल हातीं देतात! हट्ट चिवट करण्याचा याहून पक्का उपाय नाहीं. शिवाय सर्वांनीं एकदिलानें नकार देण्याचें ठरविलें तरी पहिले कांहीं दिवस हट्ट वाढतो, मग ओसरतो. नेमक्या त्या वाढीच्या दिवशींच घरांतील कोणी तरी विरघळतें.

१९५३ सालीं स्किनर आपल्या धाकट्या मुलीच्या वर्गांत गणिताच्या तासास जाऊन बसला. त्याला दोन दोष दिसले: उत्तर बरोबर कीं चूक हें मुलांस तेथल्या तेथें कळत नव्हतें, आणि सर्वांस एकाच चालीनें चालावें लागत होतें. यावर उपाय म्हणून त्यानें एक यंत्र बनविलें. आम्हांस मात्र दिवेलागणीचा परवचा आठवला. आजोबांपुढें प्रत्येक मूल आपापला पाढा म्हणे; चुकलें कीं त्याच क्षणीं दुरुस्ती होई, आणि बेरकें मूल पावकी-निमकीकडे वळलें तरी धाकट्यास बे-चा पाढा म्हणण्याची मुभा असे. दोन्ही दोष तेथें नव्हते. (कान पिळण्याचा होता, तो वेगळा.)

मात्र परवच्याची मर्यादा हीच वर्तनवादाचीही मर्यादा आहे. 'सात सक बेचाळीस' हें घोटून येतें. समोरच्या उदाहरणांत गुणावें कीं भागावें, हें घोटून येत नाहीं. त्यासाठीं मुलानें वस्तु हाताळून, चुकून, विचारून स्वतः अर्थ जुळवावा लागतो. सातारा जिल्ह्यांतील कुमठे बीटच्या शाळांनीं ज्ञानरचनावादाची जी वाट धरली ती याकरितांच, आणि ती आम्हांस मान्य आहे. पण म्हणून वर्तनवादाचें प्रकरण जुनें झालें असें कोणी समजूं नये. वर्गांत आपल्या शब्दापाठोपाठ मुलाचें काय होतें, हें पाहण्याची दृष्टि दुसरें कोणतेंही प्रकरण इतक्या स्पष्टपणें देत नाहीं.

उमेदवारांस आम्ही एक लहानसें काम सांगतों. पुढील सराव-पाठाच्या वेळीं खिशांत एक चिठ्ठी ठेवावी. खोडीबद्दल मुलाचें नांव घेतलें कीं एका बाजूस रेघ ओढावी, बरोबर केलेल्या कामाबद्दल घेतलें कीं दुसऱ्या बाजूस. तास संपल्यावर रेघा मोजून, मग उत्तर लिहावयास बसावें.