माती, गादी आणि उंच उडी

मागच्या पावसाळ्यात एका विकांताला घरी, म्हणजे वारणानगरला गेलो होतो. पाऊस असला की बाहेर पडायची सोय नाही. शाळेतला एक मित्र आला, दोन वेळा चहा झाला, गप्पा संपल्या. मग मी लॅपटॉपवर मार्च २०२५ मधली नानजिंगची जागतिक इनडोअर ॲथलेटिक्स स्पर्धा लावली. पुरुषांची उंच उडी. कोरियाच्या वू सांग-ह्योकनं २.३१ मीटरवर सुवर्ण घेतलं, ती फायनल.

मी आपला त्याची पाठ दांडीवरून कशी वळते ते बघत होतो. मित्र म्हणाला, "समदं कोरडं हाय की रं! आन ती गादी बघ. कसं निवांत पडतंय बेणं."

मी हसलो. तो हसला नाही.

कारण आठवीत असताना आमच्या वर्गात सगळ्यात उंच हाच उडायचा. तालुक्याच्या शालेय स्पर्धा आपल्याकडे साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे ऐन पावसात. पट्ठ्यानं टीव्हीवर पाठीवरून मारलेली उडी पाहिली होती. तीच त्यानं मारली. खाली पावसानं बसून घट्ट झालेली वाळू. खांद्याजवळचं हाड मोडलं, दोन महिने हात गळ्यात. घरच्यांनी सांगितलं, बास झालं उड्या मारणं. विषय संपला.

आता थोडा इतिहास. पाठीवरून उडी मारायची पद्धत जगभर पोचवली अमेरिकेच्या डिक फॉसबरीनं. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये २.२४ मीटर, सुवर्ण. लोक त्याच्या डोक्याचं कौतुक करतात आणि ते बरोबरच आहे. पण त्याच काळात तिकडे वाळू आणि भुशाच्या जागी फोमच्या जाड गाद्या येऊ लागल्या होत्या, हे विसरून चालणार नाही. मानेवर-पाठीवर पडायचं तर खाली मऊ काहीतरी हवं. आपल्या भाषेत सांगायचं तर नवीन सॉफ्टवेअर चाललं, कारण खालचं हार्डवेअर बदललं होतं. आणि आपण अजून कित्येक शाळांत पोरांना वाळूचा खड्डा देऊन वर विचारतो, "आपली मुलं मागे का?"

आता तुम्ही म्हणाल, सर्वेश कुशारेचं काय? नाशिक जिल्ह्यातल्या देवरगावचा शेतकऱ्याचा पोरगा. शाळेतल्या शिक्षकांनी, रावसाहेब जाधव सरांनी, मक्याचा भुसा वगैरे भरून गादी तयार केली आणि त्यावर हा शिकला. पुढे सैन्यात गेला, २०२४ ला पॅरिस ऑलिंपिक खेळला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेत उंच उडीची फायनल गाठणारा पहिला भारतीय ठरला. २.२८ मीटर, स्वतःची सर्वोत्तम उडी, सहावा नंबर. नाद खुळा!

सरांना तर दंडवतच. पण ही गोष्ट फॉरवर्ड करताना आपण सगळे जुगाडाचं कौतुक करत बसतो, ते मला पटत नाही. भुशाच्या गादीवरून एक सर्वेश निघाला. वाळूवर हाड मोडून घरी बसलेले किती, ते कोण मोजणार?

दुसरी गोष्ट कोरडेपणाची. उंच उडीत धाव सरळ नसते, शेवटची पावलं वळणावर पडतात आणि अंग आतल्या बाजूला झुकलेलं असतं. तिथं जमीन ओली असेल तर घसरलाच. छताखाली हा प्रश्नच नाही. हावियर सोतोमायोरचा विश्वविक्रम २.४५ चा (१९९३), आणि इनडोअर विक्रम २.४३ चा, १९८९ च्या बुडापेस्टच्या जागतिक इनडोअर स्पर्धेतला. फरक फक्त दोन सेंटिमीटर! युरोपात बर्फ पडतो म्हणून त्यांनी इनडोअर मोसम काढला. आपल्याकडे चार महिने पाऊस पडतो म्हणून आपण सराव बंद ठेवतो. भुवनेश्वरला २०२४ मध्ये इनडोअर ॲथलेटिक्सचं स्टेडियम झालं, चांगलंच आहे. पण आमच्या पोरानं भुवनेश्वरला जायचं कधी?

आणि गंमत बघा, हे सगळं कोल्हापूरला नवीन नाहीच. तालीम म्हणजे काय? वर छप्पर, खाली मऊ केलेली माती, बारा महिने सराव. आमचं इनडोअर स्टेडियमच ते! कोल्हापुरात पैलवान तयार झाले ते नुसत्या दूध-बदामावर नाही, पेठेपेठेत तालीम होती म्हणून. खाशाबा जाधव १९४८ ला लंडनला गेले तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा गादीवर लढले आणि सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत कांस्य. आज महाराष्ट्र केसरीत मातीचा गट आणि गादीचा गट असे दोन्ही असतात. म्हणजे माती सोडून गादीवर कसं जायचं, हे आपल्याला कळलेलं आहे. फक्त कुस्तीपुरतं कळलंय.

उंच उडीला दोनशे मीटरचा ट्रॅक लागत नाही. धावायला वीसेक मीटर मोकळी जागा, उंच छप्पर आणि साधारण सहा बाय चार मीटरची गादी. साखरपट्ट्यात एखादं रिकामं गोदाम मिळणं अवघड नसावं. गादी महाग असते, मान्य. पण तालुक्याला एक? "आधी खेळाडू दाखवा, मग बघू" म्हणणाऱ्यांना एकच सांगतो. १९९८ मध्ये वारणा खोऱ्यातल्या सुमारे सत्तर गावांत 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्पातून संगणक आले, तेव्हा आधी प्रोग्रामर दाखवा असं कुणी म्हटलं नव्हतं.

असो. व्हिडिओ संपल्यावर मित्रानं विचारलं, "आता माझं पोरगं दुसरीत हाय. लई उड्या मारतंय. काय करू?"

मी म्हणालो, बघू. पुण्याला परत येईपर्यंत गाडीत तेच डोक्यात होतं. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर गादीचा विषय काढलाय. आतापर्यंत अकरा अंगठे आलेत, पैसे कुणाचेच नाहीत. पहिले माझे टाकतो म्हणजे झालं.