शिरोरेषेखालचें शिक्षण

अक्षरमांडणी शिकणें म्हणजे संगणकावरील अमुक एक साधन चालवितां येणें, अशी समजूत आमच्या सुशिक्षित घरांत रूढ होऊं पाहत आहे. कर्जत-खालापूरकडील पालकांचाही हाच ग्रह असेल, तर त्याच्या खोटेपणाचा पुरावा त्यांच्या दारापुढेंच टांगलेला आहे.

कर्जतहून चौकमार्गें खालापूरकडे जावें. रिसॉर्टांच्या इंग्रजी पाट्या ऐसपैस व आखीव. शेजारीं वाढदिवसाचे मराठी फ्लेक्स. त्यांवरील अक्षरें आडवीं ताणलेलीं, भोंवतीं पिवळी कड, तिच्याभोंवतीं तांबडी, आणि वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटींत अडकलेला! यावर कित्येक शहाणे म्हणतात कीं, देवनागरी लिपीच अडचणीची. हा आक्षेप आम्हांस साफ नाकबूल आहे. परक्या मापानें मोजलें तर कोणतीही लिपि अडचणीचीच ठरेल.

रोमन अक्षर जमिनीवर उभें राहतें; आपलें अक्षर दांडीवर वाळत घातलेल्या धोतरासारखें शिरोरेषेवरून लोंबतें. रेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार व अनुस्वार. खालीं उकार व ऋकार. शिवाय एकाखालीं एक लटकणारीं जोडाक्षरें. इंग्रजी पाठ्यपुस्तकांतलें दोन ओळींमधलें अंतर या तीन मजली घरास लावलें कीं मजले एकमेकांत घुसणारच. मथळा उठावा म्हणून सगळीं अक्षरें कॅपिटल करण्याची युक्ति आपल्याला नाहीं. आकार, जाडी आणि मोकळी जागा यांवरच भागवावें लागतें. आणि अक्षरांत फटी पाडून शब्द लांबविण्याची इंग्रजी हौस येथें शिरोरेषाच तोडून टाकते. विद्यार्थ्यानें हें सारें आधीं बोरूनें गिरवून हातांत मुरवावें, संगणक मागाहून.

गुरूंची वाण आहे म्हणावें, तर तसेंही नाहीं. जावजी दादाजींनीं १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना काढला. त्याच्या टाइपाची कीर्ति सर्वत्र पसरली होती. बापूराव नाईकांनीं १९७१ सालीं देवनागरी मुद्राक्षरांवर खंडात्मक ग्रंथ लिहिला. र. कृ. जोशी (मृत्यु २००८) यांनीं विद्यार्थ्यांस अक्षर शिकविलें आणि संगणकासाठीं 'मंगल' हा टंकही घडविला. मुंबईच्या 'एक टाइप'चे कित्येक टंक तर विनामूल्य मिळतात. एवढी शिदोरी उशाशीं असतां आमचीं मुलें परदेशी नमुने गिरवितात!

कोणी विचारील, वाढदिवसाचें अक्षर वेडेंवांकडें झालें तर बिघडलें काय? त्यापुरतें कांहीं नाहीं. परंतु याच खालापूर तालुक्यांत १९ जुलै २०२३ च्या रात्रीं इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हातीं लागले, ५७ माणसें बेपत्ताच राहिलीं. ती वाडी दरडप्रवण गांवांच्या यादींतही नव्हती. चांगल्या पाटीनें ती वांचली असती असें म्हणणें क्रूर थट्टा होईल. पण डोंगरपायथ्याच्या वाड्यांस यापुढें ज्या सूचना द्यावयाच्या, त्या धो धो पावसांत, अंधारांत, जेमतेम अक्षरओळख असलेल्या म्हातारीसही वाचतां आल्या पाहिजेत. तेथें 'केव्हां निघावें' आणि 'कोठें जावें' हे शब्द सर्वांत मोठे असावेत, कीं पुढाऱ्याचें छायाचित्र? हा प्रश्न निखळ मांडणीचाच आहे, आणि त्याचें उत्तर कोणत्याही संगणकी साधनांत आयतें भरलेलें नसतें.

म्हणून आमचें शिक्षकांस सांगणें असें कीं, कर्जत-खालापूरच्या विद्यार्थ्यास पहिला अभ्यास असल्याच एका फलकाचा द्यावा. तो वीस हातांवर टांगावा, त्यावर बादलीभर पाणी ओतावें, आणि वाडींतल्याच एखाद्या आजीबाईंस वाचावयास सांगावें. त्या अडखळल्या, तर गुण शून्य.