गावाची नोंद कोण ठेवतो?

पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्याला ज्या गावाचे नाव मिळाले, ते जुने आंबेगाव घोड नदीवरील डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले आहे. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. जलाशयाला याच तालुक्यातील म्हाळुंगे पडवळच्या हुतात्मा बाबू गेनूंचे नाव आहे. कचेरीच्या शिक्क्यावर ‘आंबेगाव’ ही अक्षरे आजही उमटतात. पण त्या गावात कोणाचे घर कोणाच्या घराला लागून होते, पाणवठा कोठे होता, कोणत्या वावराला काय म्हणत, हे सांगू शकणारी माणसे वर्षागणिक कमी होत आहेत. नाव उरले आणि गाव गेले, ही स्थिती एका तालुक्यापुरती असती तर हळहळून थांबता आले असते. पण आपल्याकडे लहान गावाचा इतिहास बहुधा असाच घडतो. कोणी ते दान दिले, त्यावर सारा आकारला, ते बुडवले किंवा ते गाडले गेले, तरच गाव लिखितात येते. एरवी त्याची दखल घेण्याचे कारण कोणाला पडत नाही.

ही रीत जुनीच आहे. जुन्नरजवळच्या नाणेघाटातील सातवाहनकालीन लेखात यज्ञांच्या दक्षिणांची लांबलचक यादी आहे. गायी, घोडे, हत्ती, कार्षापण यांच्या रांगेत तेथे गावही येते, दिलेली एक वस्तू म्हणून. जुन्नरच्या लेण्यांतील एका लेखात आडुथुम नावाच्या शक उपासकाने वडालिका गावी करंजाच्या झाडांसाठी वीस निवर्तने आणि कटपुतक गावी वडाच्या झाडांसाठी नऊ निवर्तने जमीन लावून दिल्याची नोंद आहे. दात्याचे नाव कळते, झाडांची जात कळते, जमिनीचे माप कळते. ती झाडे कोणी लावली आणि राखली, हे कळत नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या लेखाकडून ती अपेक्षा करणेही अन्यायाचे होईल. प्रश्न आपल्या काळाचा आहे.

मधल्या काळात काही चांगले प्रयत्न झाले, हे मान्य केले पाहिजे. पुण्याजवळच्या लोणीकंदचे वर्णन डॉ. थॉमस कोट्स यांनी लिहिले. ते १८२३ साली छापले गेले. त्याच गावाकडे पुन्हा वळून गो. स. घुर्ये यांनी १९६० साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५चा. कुणबी, कारू-नारू, वतने, फिरस्ते यांची इतकी बारीक माहिती मराठीत त्यापूर्वी एकत्र आलेली नव्हती. तथापि हे लेखन गावाकडे पाहणाऱ्यांचे आहे, आणि ते प्रामुख्याने मैदानी, बलुतेदारीच्या गावाचे आहे. घाटमाथ्यावरचे भातखाचरांचे, नाचणी-वरईचे, हिरडा गोळा करून चार पैसे मिळवणाऱ्या महादेव कोळ्यांचे गाव त्या गाड्यात नीट बसत नाही.

आपल्या वाङ्मयाचेही तसेच झाले. ‘बनगरवाडी’ (१९५५) हा ठळक अपवाद. एका विशिष्ट वस्तीचे, तिच्या माणसांचे आणि अखेर तिच्या उठून जाण्याचे ते चित्र आहे. पण ‘ग्रामीण साहित्य’ नावाची अभ्यासपत्रिका तयार झाली आणि वर्गावर्गांतून एक ठरीव गाव शिकवले जाऊ लागले: पाटील, चावडी, पार, दुष्काळ. विद्यार्थी ते गाव पाठ करतो. स्वतःच्या गावाकडे मात्र अभ्यासाचा विषय म्हणून पाहायला कोणी त्याला सांगत नाही.

याची किंमत काय, ते ३० जुलै २०१४ रोजी दिसले. आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला. सकाळच्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसले नाही, तेव्हा बातमी बाहेर पोचली. दीडशेहून अधिक माणसे गेली. महाराष्ट्राने माळीणच्या माणसांची पाहिलेली पहिली यादी ही मृतांची यादी होती. पुढे आमडे येथे नवे गाव वसवले गेले आणि एप्रिल २०१७ मध्ये घरे लोकांच्या ताब्यात आली. घरे पुन्हा बांधता येतात. कोणत्या उंबऱ्यावर कोण बसे, ते ज्यांच्या आठवणीत होते त्यांतलीच बरीच माणसे त्या ढिगाऱ्याखाली होती.

यावर एक रास्त आक्षेप येईल. गावोगावचे इतिहास लिहायला सांगितले, तर यात्रेच्या स्मरणिकेत छापतात तसली गौरवगाथा हाती येईल. देवळाचा जीर्णोद्धार, एका घराण्याची वंशावळ, पुढाऱ्याचे छायाचित्र. हा धोका खराच आहे. गावात एकच आठवण नसते. वेशीच्या आतली निराळी, बाहेरची निराळी. माहेरवाशिणीची निराळी, सून होऊन आलेलीची निराळी. डिंभ्याचे पाणी कालव्याने पूर्वेकडे ज्याच्या उसाला मिळाले आणि ज्याचे खाचर त्याच पाण्याखाली गेले, त्या दोघांच्या सांगण्यात ‘विकास’ या शब्दाचा अर्थ एक असणार नाही. म्हणूनच हे काम साहित्याच्या अभ्यासकाने करावे, असे मला वाटते. निवेदक कोण, तो काय गाळतो आणि का गाळतो, हे विचारण्याचे शिक्षण दुसऱ्या कोणत्या वर्गात मिळते? परस्परविरोधी कथने शेजारी-शेजारी ठेवावीत, त्यांची घाईने तडजोड करू नये; एवढी शिस्त पाळली तरी स्मरणिका टळेल.

हे अशक्य नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करायला घेतल्या. आज तो संग्रह एक लाखाहून अधिक ओव्यांचा आहे, आणि त्यात गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव यांची नोंद ठेवण्याचा आग्रह आहे. बाईचे नाव लिहिले, एवढ्यानेच ती ‘लोक’ या मोघम शब्दातून बाहेर आली.

जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव येथील मराठीच्या वर्गांत पश्चिमेकडच्या वाड्यापाड्यांतली मुले बसतात. त्यांना प्रकल्पासाठी कादंबरीतील गावाची वैशिष्ट्ये लिहायला सांगण्याऐवजी एक वही द्यावी. वावरांची नावे, पाणवठे, उठून गेलेली घरे, आजीच्या ओव्या, आणि प्रत्येक माहितीपुढे सांगणाऱ्याचे नाव, त्याच्या संमतीने. वाङ्मयीन मूल्याची चर्चा नंतर करता येईल. धरणात जमीन गेलेल्या पिढीतले ज्येष्ठ अजून आहेत. पाणी उतरले की काठावर गाळपेर करणारे आहेत. ते आहेत तोवरच ही वही भरणार आहे.