ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतो?

डिझाइन म्हटलं की आपल्याला पोस्टर, लोगो आठवतात. पण सरकारी फॉर्मवर कोणता प्रश्न कसा विचारायचा, हेही डिझाइनच. बाईला पैसे मिळणार की नाही, हे कित्येकदा तिथंच ठरतं.

लाडकी बहीण योजनेचंच बघा. जून २०२४च्या शासन निर्णयात विवाहितांबरोबर विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता आणि निराधार बायकाही पात्र होत्या. सप्टेंबर २०२५मध्ये ई-केवायसी आली. तिनं बाईच्या आधारनंतर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार मागितला, तोही ओटीपीसकट. नवऱ्यानं टाकलेली, वडील वारलेले, अशी कुणी शिरूरला भावाकडे राहत असेल, तर तिनं ओटीपी कुणाला मागायचा? घराबाहेर काढणाऱ्यालाच?

ओरड झाल्यावर सुधारणा झाली. मृत्यूचा दाखला, घटस्फोटाचं प्रमाणपत्र किंवा कोर्टाचा आदेश चालेल म्हणाले. विधवेचं काम झालं. पण आपल्याकडच्या किती तलाकांचा कागद असतो? एका दमात दिलेला तिहेरी तलाक तर २०१९च्या कायद्यानं रद्दबातलच आहे. म्हणजे कायद्याच्या लेखी ती विवाहित, आणि नवरा मात्र फोन उचलत नाही. परित्यक्तेनं कुठला कागद आणायचा, हे कुणाला सुचलंच नाही.

त्यात प्रश्नही नकारार्थी. ‘कुटुंबातील सदस्य सरकारी नोकरीत नाहीत’, होय की नाही? घरात कुणीच नोकरीला नसलेली बाई सवयीनं ‘नाही’ दाबणार आणि उलटंच नोंदवलं जाणार. यात तिची चूक शोधणं मला पटत नाही.

शिरूर तालुक्यातच, पाबळला, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. तिथली मुलं गावाच्या गरजेच्या वस्तू हातानं बनवत शिकतात. वस्तू चालली नाही तर वापरणारा समोरच असतो, लगेच सांगतो. मुंबईत तयार होणाऱ्या फॉर्मसमोर तसं कुणी नसतं.

म्हणून मागणी साधी आहे. परित्यक्तेसाठी अंगणवाडी सेविका किंवा ग्रामसेवकाची स्थानिक चौकशी पुरेशी धरावी. आणि कुठलाही नवा फॉर्म राज्यभर लागू करण्याआधी शिरूर, दौंडसारख्या ठिकाणच्या सेवा केंद्रांत आठवडाभर बायकांकडूनच भरून घ्यावा. शेजारी बसून त्या कुठं अडतात ते टिपायला इंजिनिअर लागत नाही. तुमच्यापैकी कुणीही वही घेऊन बसू शकतं, आणि ती टिपणं तहसीलदारांकडे देऊन पोच घेऊ शकतं.