पैसे वसूल

लहान पोराला बागेत नेणं आणि अम्यूझमेंट पार्कात नेणं यांत बचत खातं आणि कर्जखातं यांच्याइतका फरक आहे. बागेत पोर कंटाळलं की आपण उठतो, भेळ खातो, घरी येतो. पार्कात पोर कंटाळलं की बाप डोळे वटारतो. "कंटाळून चालायचं नाही! माणशी तेराशे भरलेत!" इथून पुढे जे चालतं त्याला सहल म्हणत नाहीत, वसुली म्हणतात. बावीस वर्षं बँकेत काढली आहेत. वसुलीला निघालेल्या माणसाचा चेहरा मी लांबून ओळखतो.

माझं भांडण पाळण्यांशी नाही. पाळणे हवेतच. भांडण आहे ते त्या एकरकमी तिकिटाशी. दारातच सगळे पैसे मोजून घ्यायचे आणि वर उदारपणे सांगायचं, "आता दिवसभर कशातही कितीही वेळा बसा." कॉलेजातल्या पोरांची यात सोय असेल. पण चार वर्षांच्या प्राण्याचा 'दिवसभर' असतो केवढा? सकाळचं दूध प्यायल्यापासून दुपारी मान आईच्या खांद्यावर पडेपर्यंत. त्यातला निम्मा रांगेत जातो आणि उरलेल्यातला निम्मा "शू झाली का?" या चौकशीत.

त्यापेक्षा आमच्या गावच्या जत्रेतला पाळणेवाला खरा कॉमर्सवाला. एका फेरीचे पैसे घ्यायचा. पोराने वर जाऊन भोकाड पसरलं की पाळणा थांबवून त्याला उतरवून द्यायचा. नुकसान काय, तर एका फेरीचं. बापाचा चेहरा शाबूत, पोराची चड्डी शाबूत.

हा गावठी हिशोब म्हणून कुणी नाक मुरडू नये. वॉल्ट डिस्नेने 1955 साली कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडलं तेव्हा आत जायचे पैसे वेगळे आणि प्रत्येक गमतीचे वेगळे, असाच कारभार होता. मग त्याच वर्षी कुपनांची पुस्तकं निघाली. सगळ्यांत स्वस्त 'ए'चं कुपन, गोल फिरणाऱ्या लाकडी घोड्यांसारख्या साध्या गोष्टींना. सगळ्यांत महाग 'ई'चं, ते 1959 साली आलं, दांडग्या प्रकारांसाठी. म्हणजे ज्याला घोड्यावरच बसायचंय त्याने घोड्याचेच पैसे द्यावेत, हे प्रत्यक्ष डिस्नेलासुद्धा मान्य होतं. ही कुपनं 1982 साली बंद झाली आणि एकरकमी तिकीट आलं. जगातल्या पुष्कळ शहाण्या गोष्टी अशाच सोयीसाठी बंद होतात. सोय कुणाची, हे विचारायचं नसतं.

आता ती उंचीची पट्टी. आम्ही गेलो होतो त्या पार्कात (नाव कशाला घ्या) तिकीटखिडकीपाशी एक जिराफ रंगवला होता. जिराफाच्या गुडघ्याखाली असाल तर फुकट, वर असाल तर पैसे. आमचा धाकटा, वय वर्षं चार, नेमका गुडघ्याच्या दोन बोटं वर भरला. "केस चपटे करून बघा हो," असं सौ. म्हणाली, पण खिडकीतला मुलगा कर्तव्यदक्ष निघाला. पैसे भरले. आत गेलो तर प्रत्येक खेळापाशी एक विदूषक हात आडवा धरून उभा, आणि धाकटा त्याच्या हाताच्या वीतभर खाली. म्हणजे पैसे घेताना मोठा आणि बसायच्या वेळी लहान! आतली पट्टी बरोबरच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. अडकवायचा दांडा ठरावीक बांध्याच्या माणसासाठी केलेला असतो. बुटकं पोर त्याच्याखालून निसटायचं. पण मग तीच पट्टी दारात लावायला काय हरकत आहे? आमच्या बँकेत अज्ञान खातेदाराला कर्ज देत नाहीत. पण म्हणून त्याच्याकडून व्याजही घेत नाहीत.

आमच्याबरोबर आमचे साडू होते. साडू कॉस्टिंगचे क्लास घेतात. झालेला खर्च कशानेही परत येत नसेल तर पुढचा निर्णय घेताना तो हिशोबात धरू नये, हे तत्त्व ते वर्षानुवर्षं पोरांकडून घोटून घेतात. त्यांच्या हातात पार्काचा नकाशा होता आणि त्यावर लाल पेनने खुणा. त्यांचा मुलगा पाच वर्षांचा, उंचीने बापावर गेलेला, म्हणून विदूषकाने त्याला सोडलं. गोल फिरत वर जाणाऱ्या एका यंत्रापाशी त्याने कठड्याला मिठी मारली. रडला नाही, नुसतं "नको, नको" म्हणत होता.

"अहो, राहू द्या ना," मी म्हटलं.

"राहू द्या काय? पैसे भरलेत! आणि एकदा बसला की भीती जाईल."

कठड्यावरची बोटं एकेक करून सोडवली आणि बसवला. खाली आला तेव्हा पोर पांढरंफटक पडलं होतं आणि चड्डी ओली. साडू म्हणाले, "बघा, आता रडतोय का?" नव्हताच रडत. त्यानंतर तो दिवसभर बोललाच नाही. आता त्यांच्या सोसायटीच्या आवारातल्या साध्या झोपाळ्यावरही तो बसत नाही. साडू याला भित्रेपणा म्हणतात. माझ्या मते पोराने हिशोब अगदी चोख केलाय: "नको" म्हटल्यावर इथे कुणी ऐकत नाही, तेव्हा बसूच नये.

आमचा धाकटा तोवर एका छोट्या आगगाडीत बसला होता. सात वेळा बसला. मध्ये वीस मिनिटं पायाने दाबला की पाणी येतं असा एक नळ त्याला सापडला, त्यातही त्याचं पार्क झालं. साडूंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी तारण न घेताच कर्ज मंजूर केलंय.

पण लहान मुलांना लागतं ते एवढंच. पुण्याच्या पेशवे पार्कात 1956 साली फुलराणी सुरू झाली, ती तरी काय करायची? बागेला चक्कर मारायची. गोराईला एस्सेल वर्ल्ड होतं (1989 ते 2022), तिथे खाडी ओलांडून लाँचने जाता येई. आमच्या शाखेतल्या ज्यांना ज्यांना लहानपणी तिथे नेलं होतं त्यांना मी विचारून पाहिलं, आणि बहुतेक जण आधी त्या लाँचबद्दलच बोलले. पार्क त्यांना नंतर आठवलं.

तेव्हा पार्कवाल्यांनी सहा वर्षांखालच्या मुलांसाठी फेरीगणिक पैसे घ्यावेत. बसेल तेवढे भरील. नाही बसलं तर आईबापांना "बरं, नको" असं म्हणणं परवडेल, आणि माझ्या मते त्या दिवसातलं तेच सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य असतं.

निघताना मी खिडकीतल्या त्या कर्तव्यदक्ष मुलाला हे सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "साहेब, वर लिहून द्या."

हे वाक्य काउंटरवर बसून मी स्वतः दिवसातून चार वेळा म्हणतो. वर लिहून दिलेल्याचं पुढे काय होतं ते मला चांगलं माहीत आहे, म्हणून इथे लिहिलं.