नारिंगी शिक्का

दहावी न झालेल्या आणि प्राप्तिकर न भरणाऱ्या भारतीयाच्या पासपोर्टचे वेष्टन यापुढे नारिंगी असेल, हा परराष्ट्र मंत्रालयाने १२ जानेवारी २०१८ रोजी जाहीर केलेला निर्णय मागे घेणे आवश्यक होते. त्यात दुरुस्ती करून, दुसरा एखादा रंग निवडून किंवा अंमलबजावणी लांबवून भागणार नव्हते. तो मागेच घेणे भाग होते. पासपोर्ट हा नागरिकत्वाचा दाखला आहे, शिक्षणाचा नव्हे. त्याच्या पहिल्याच पानावर भारताच्या राष्ट्रपतींच्या नावाने परक्या देशांना विनंती केलेली असते की, या व्यक्तीला विनाअडथळा जाऊ द्या आणि गरज पडेल तिथे मदत व संरक्षण द्या. ही व्यक्ती किती शिकली आहे, तिचे उत्पन्न किती, याचा उल्लेख तिथे नाही आणि तो नसणे हेच योग्य आहे. मंत्रालय तो उल्लेख थेट मुखपृष्ठावर आणू पाहत होते, तोही अशा ढंगाने की वाचता न येणाऱ्यालाही तो लांबून कळावा.

निर्णय झाला कसा, तेही पाहण्यासारखे आहे. पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आईवडिलांची आणि जोडीदाराची नावे छापलेली असत. एकट्या मातांना, दत्तक मुलांना, नवऱ्यापासून वेगळ्या राहणाऱ्या स्त्रियांना त्याचा जाच होत असे. परराष्ट्र आणि महिला व बालविकास मंत्रालयाच्या अधिकाऱ्यांच्या समितीने त्यात लक्ष घातले आणि ते पानच छापायचे नाही असे ठरले. हे चांगलेच झाले. पण त्याच पानावर ‘ईसीआर’, म्हणजे कामासाठी परदेशी जाण्यापूर्वी सरकारी परवानगी आवश्यक, हा शेराही असे. पान गेले तर शेरा कुठे मारायचा? म्हणून शेरेवाल्यांना नारिंगी पासपोर्ट! बापाचे नाव सांगावे लागणे हा एका आईचा अपमान आहे, हे ज्यांना उमगले, त्यांना शाळा सुटलेल्या मजुराचा अपमान दिसू नये याचा संताप येतो. शेवटच्या पानावर एका ओळीत असलेली गोष्ट त्यांनी उचलून वेष्टनावर नेली.

आणि याविरुद्ध आपल्याकडे ओरड कसली झाली? पत्ताही त्याच पानावर असल्याने पासपोर्ट पत्त्याचा पुरावा म्हणून चालणार नाही, याची. बँकेत आता काय दाखवायचे, गॅस जोडणीला काय जोडायचे, यावर सुशिक्षित घरांत चार दिवस चर्चा झाली. पत्त्याच्या पुराव्याला दहा पर्याय आहेत. ज्याला नारिंगी पासपोर्ट मिळणार होता त्याला दुसरा पासपोर्ट नव्हता. हा रंग भगवा की नारिंगी, यावर राजकीय पक्षांत जुंपली, तीही तितकीच निरर्थक. हिरवा रंग निवडला असता तरी आमचा आक्षेप हाच राहिला असता.

सरकारची बाजू एवढीच होती की, रंगावरून असा प्रवासी चटकन ओळखता येईल आणि त्याची फसवणूक टाळता येईल. चटकन कोणाला ओळखता येईल? इमिग्रेशनच्या काउंटरवरचा अधिकारी पासपोर्ट यंत्रावर ठेवतो आणि त्याच्यासमोर माहिती येते. शेवटच्या पानावरचा मजकूर सरकारी संगणकात राहणारच, असे मंत्रालयच सांगत होते. मंत्रालयाची ‘ई-मायग्रेट’ ही यंत्रणाही आहे. नोकरी देणारा, एजंट आणि कामगार या तिघांची नोंद तिच्यात होते. म्हणजे आपल्या अधिकाऱ्याला रंगाची गरज नाही. मग गरज कोणाला? विमानतळाच्या दारात गिऱ्हाईक हेरत उभ्या असणाऱ्या दलालाला. परक्या देशात उतरल्यावर रांगेतून कोणाला बाजूला काढायचे हे ठरवणाऱ्या शिपायाला. आणि करारावर अंगठा घेताना समोरचा किती वाचू शकतो, याचा अंदाज बांधणाऱ्या मालकाला. ज्याचे संरक्षण करायचे त्याचीच खूण फसवणाऱ्यांच्या हाती देणारा हा निर्णय होता.

मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर मध्यरात्रीनंतर ज्यांनी एकदा तरी रांग लावली आहे, त्यांनी हे प्रवासी पाहिले आहेत. नायलॉनच्या दोरीने आवळलेले खोके, त्यावर मार्करने ठळक लिहिलेले नाव आणि दम्माम किंवा दोहा. हातात प्लास्टिकची पारदर्शक पिशवी. तिच्यात पासपोर्ट, व्हिसाची प्रत, मेडिकलचा कागद, विम्याचा कागद. दर दोन मिनिटांनी ती उघडून सगळे जागेवर आहे ना, हे बघणे चाललेले असते. पुढचा फॉर्म भरून द्याल का, असे शेजारच्याला विचारताना आवाज खाली गेलेला. घरातून पहिल्यांदा इतक्या लांब निघालेल्या या तरुणाच्या हातातला निळा पासपोर्ट आणि त्याच्यामागे उभ्या असलेल्या आयटी कंपनीतल्या इंजिनीअरच्या हातातला निळा पासपोर्ट सारखाच असतो. त्या रांगेत दोघांत सारखी असलेली तेवढी एकच गोष्ट आहे. सरकारला तीही काढून घ्यायची होती.

मजुराची फसवणूक होते हे कोणीच नाकारत नाही. ती कुठे होते, हा प्रश्न आहे. ती गावात होते. महाडपासून खेडपर्यंत आणि श्रीवर्धनपासून रत्नागिरीपर्यंत कोकणातल्या किती घरांनी आखातातल्या पैशावर पत्र्याच्या जागी स्लॅब घातला, हे सांगायला नको. त्याच घरांना एजंट काय असतो हेही ठाऊक आहे. एजंटाला उमेदवाराकडून घेता येणाऱ्या रकमेवर नियमाने मर्यादा घातलेली आहे. प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट पैसे मोजले जातात, त्यासाठी दागिने गहाण पडतात आणि पावती मिळत नाही. इथे इलेक्ट्रिशियन म्हणून सांगितलेले काम तिथे पोहोचल्यावर हमाली होते. पगाराचा आकडा बदलतो. कामाचा परवाना मिळायला वेळ लागतो म्हणून माणसाला व्हिजिट व्हिसावर धाडले जाते, म्हणजे सरकारी नोंदीतून तो आधीच निसटतो. उतरल्या उतरल्या कफील, म्हणजे ज्याच्या नावाने व्हिसा आहे तो मालक, पासपोर्ट काढून घेतो आणि तिजोरीत ठेवतो. तिजोरीतल्या पासपोर्टचा रंग निळा असला काय किंवा नारिंगी असला काय, त्या माणसाची सुटका त्याने होत नाही.

२०१६ साली सौदी अरेबियात ‘सौदी ओजेर’ कंपनीने महिनोन्महिने पगार थकवले आणि हजारो भारतीय कामगार छावण्यांत उपाशी पडले. तिथे तत्कालीन परराष्ट्र राज्यमंत्री व्ही. के. सिंग यांना धाडावे लागले, जेद्दाच्या वाणिज्य दूतावासाला अन्न पुरवावे लागले. तत्कालीन परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी त्या वेळी तत्परता दाखवली, तिचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. पण त्या कामगारांना हवा होता थकलेला पगार आणि परतीचा परवाना. २०१४ मध्ये इराकमधल्या मोसुलमधून नाहीसे झालेल्या ३९ भारतीय मजुरांचा जानेवारी २०१८ पर्यंत ठावठिकाणा लागला नव्हता. त्यांच्या घरच्यांकडून डीएनएचे नमुने घेण्यापर्यंत वेळ आली होती. यांतला कोणीही त्याच्या अशिक्षितपणाची खूण दिसली नाही म्हणून संकटात सापडलेला नाही. खूण तर होतीच, शेवटच्या पानावर.

आता ही खूण कोणाला लागणार होती ते पाहा. दहावी झालेल्याला सूट, प्राप्तिकर भरणाऱ्याला सूट, पन्नाशी ओलांडलेल्याला सूट. म्हणजे शाळा किंवा पैसा यांपैकी एक जवळ असेल तर निळा, दोन्ही नसतील तर नारिंगी. शिवाय सरकारी परवानगीची ही अट अठराच देशांसाठी आहे, तीही तिथे नोकरीला जाणाऱ्यांपुरती. पासपोर्टचे वेष्टन मात्र जगभर सोबत जाणार होते. लंडनच्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात साथीला निघालेला, शाळा अर्धवट सुटलेला ढोलकीवादक हीथ्रोवर नारिंगी पासपोर्ट घेऊनच उभा राहिला असता. ब्रिटन त्या अठरा देशांत नाही, तो नोकरीला चाललेला नाही, तरीही. अमरावतीच्या विद्यापीठाला ज्यांचे नाव दिले त्या गाडगेबाबांनी शाळेचे तोंड पाहिले नव्हते. त्यांच्या नावाची पदवी घेणाऱ्याला एक रंग आणि त्यांच्यासारख्याला दुसरा, असा हा नियम होता.

पांढरा आणि मरून पासपोर्ट आजही असतातच की, असा युक्तिवाद तेव्हा ऐकू येत होता. ते सरकारी कामाचे आणि राजनैतिक पदाचे पासपोर्ट आहेत. काम संपले, पद गेले की परत करावे लागतात. नारिंगी रंग कामाला लागणार नव्हता, माणसाला लागणार होता. महाराष्ट्रात शिधापत्रिकाही पिवळ्या, केशरी आणि पांढऱ्या आहेत, हा दुसरा युक्तिवाद. शिधापत्रिका गावातल्या दुकानात दाखवायची असते आणि तिच्यावर धान्य मिळते. नारिंगी पासपोर्टवर काय मिळणार होते? २०१७ मध्ये राजस्थानात दौसा जिल्ह्यात स्वस्त धान्य घेणाऱ्यांच्या घरांच्या भिंतींवर ‘हे कुटुंब गरीब आहे’ अशा अर्थाच्या पाट्या रंगवण्यात आल्या. गरिबाला काही द्यायचे तर आधी त्याच्यावर तशी खूण केली पाहिजे, ही वृत्ती एका जिल्ह्यापुरती किंवा एका खात्यापुरती नाही. सरकारी दवाखान्यातल्या खिडकीपासून शिष्यवृत्तीच्या यादीपर्यंत ती दिसते. वर्गात उभे करून फी-माफीवाल्या मुलांची नावे वाचणारे मास्तर आपण पाहिलेले आहेत. तेच देशाच्या नावाने आणि परक्यांसमोर होणार होते.

असल्या खुणेचा इतिहास आपल्याला पुस्तकात शोधायची गरज नाही. कोकणातल्या गरिबांना गिरमिटावर, म्हणजे मुदतीच्या मजुरी-करारावर, मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत नेले गेले, तेव्हापासून तो सुरू होतो. परदेशी जाणाऱ्या मजुरांवर देखरेख करणाऱ्या ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ या अधिकाऱ्याचे पदनामही त्याच काळातले, आणि १९८३च्या कायद्यातही ते तसेच आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवालमध्ये भारतीयांनी नोंदणीचा दाखला सतत जवळ बाळगावा आणि पोलिसाने मागताच दाखवावा, असा कायदा आला, तेव्हा गांधीजींच्या नेतृत्वाखाली १६ ऑगस्ट १९०८ रोजी जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीसमोर दोन हजारांवर दाखल्यांची होळी झाली. त्या लोकांचा राग कागदावर नव्हता. एका समूहाला वेगळे काढून खूण करण्यावर होता. गुहागर तालुक्यातल्या कोतळूकला जन्मलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९१० मध्ये केंद्रीय कायदेमंडळात दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळसाठीची गिरमिटिया भरती थांबवण्याचा ठराव संमत करून घेतला. दोन वर्षांनी संपूर्ण गिरमिट प्रथाच बंद करण्याचा ठराव त्यांनी मांडला, तो सरकारी बहुमताने पाडला गेला. त्याच कोकणातून आखातात जाणाऱ्यांसाठी स्वतंत्र भारताचे सरकार वेगळा रंग काढत होते.

कायद्यातही हे टिकणारे नव्हते. परदेशी जाण्याचा हक्क हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये सतवंतसिंग साहनी खटल्यात सांगितले आणि १९७८ मध्ये मनेका गांधी खटल्यात त्याच्यापुढे जाऊन सरकारची कृती मनमानी नसावी, वाजवी असावी, असे बजावले. जे काम संगणक करतो त्यासाठी नागरिकांचे दोन रंगांत वर्गीकरण करणे वाजवी कसे ठरेल? पण हा निर्णय न्यायालयाने रद्द करेपर्यंत वाट पाहण्याची वेळ येणे, हेच लाजिरवाणे ठरले असते.

खंत याचीही होती की, याच खात्याने त्याच सुमारास चांगले काम केले होते. ज्ञानेश्वर मुळे यांच्यासारख्या, कोल्हापूर जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेल्या तत्कालीन सचिवाच्या पुढाकाराने २०१७ पासून टपाल कार्यालयांत पासपोर्ट केंद्रे उघडू लागली. जिल्ह्याच्या गावी राहणाऱ्या माणसाची मुंबई-पुण्याची खेप आणि दलालाची दक्षिणा त्यामुळे वाचते. पासपोर्ट सामान्यांच्या दारी आणायचा आणि मग त्यांतल्या सर्वात दुबळ्यांना तो वेगळ्या रंगात द्यायचा, हे एकाच खात्यात बसत नाही. घोषणेच्या तीनच दिवस आधी, ९ जानेवारीला, दिल्लीत परदेशस्थ भारतीय वंशाच्या खासदारांचा सोहळा झाला. त्यांच्या सत्काराबद्दल तक्रार नाही. पण परदेशांतून तेव्हा दर वर्षी भारतात येणाऱ्या साठ अब्ज डॉलरहून अधिक रकमेत आखातातल्या तंबूत आणि बंकबेडवर झोपणाऱ्यांच्या पगाराचा वाटा मोठा होता. ते कधी सत्काराला येत नाहीत, त्यांना सुट्टी मिळत नाही.

त्यांच्यासाठी काही करायचेच असेल तर यादी लांबलचक आहे, आणि तिच्यात वेष्टनाचा रंग कुठेच नाही. विनापरवाना एजंटांवर गुन्हे दाखल करा आणि खटले तडीस न्या. मराठीत लिहिलेला करार निघण्यापूर्वी हातात पडेल अशी सक्ती करा. वकिलातींतले कामगार विभाग वाढवा. पासपोर्ट मालकाने ठेवून घेतला तर तो परत मिळवून देण्याची जबाबदारी वकिलातीवर टाका. प्रवासी भारतीय विमा योजनेत दोन वर्षांसाठी २७५ रुपयांत दहा लाखांचे संरक्षण आहे, पण गावाकडे किती घरांना ते माहीत आहे? मृतदेह आणण्यासाठी वर्गणी काढणारी घरे आजही आहेत.

पासपोर्ट छापले जातात ते नाशिकच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये, आणि नव्या पुस्तिकेची आखणीही तिथेच व्हायची होती. ती होईपर्यंत जुने निळे पासपोर्ट चालू राहतील, असे मंत्रालय म्हणत होते. म्हणजे वेळ होता. २९ जानेवारी २०१८ रोजी संसदेचे अर्थसंकल्पी अधिवेशन सुरू होणार होते. रायगडचे तेव्हाचे खासदार अनंत गीते केंद्रात मंत्री होते; त्यांच्या मतदारसंघातल्या म्हसळा-श्रीवर्धनच्या कित्येक घरांत या नारिंगी पुस्तिका जाणार होत्या. त्यांनी मंत्रिमंडळात आणि महाराष्ट्राच्या उरलेल्या खासदारांनी सभागृहात हा निर्णय रद्द करण्याची मागणी पहिल्याच आठवड्यात करणे, आणि सुषमा स्वराज यांनी पहिली पुस्तिका छापली जाण्यापूर्वी तसे जाहीर करणे, हाच मार्ग होता.