आधी सुई, मग व्हॉल्व्हचा दिवा



कर्जाचा अर्ज समोर आला की दुकानाची पाटी किती चकचकीत आहे हे सर्वांत शेवटी पाहायचे, ही शिस्त बँकेने आम्हांस पहिल्या वर्षीच लावली होती. आधी वही, मग माल, मग येणी-देणी आणि अखेरीस पाटी. निवृत्तीनंतर या शिस्तीचा घरी काय उपयोग, असे वाटे. परंतु गेल्या पावसाळ्यात एका लहानशा विद्युतपेटीच्या निमित्ताने ती पुन्हा कामी आली. तबकड्या ऐकण्याचा छंद आपल्या अनेक घरांत नव्याने रुजतो आहे. म्हणून या महिन्याचे सदर त्या हकिकतीसाठी.

शाहूपुरीत माझे एक स्नेही आहेत. गुळाचा पिढीजात व्यापार. मी त्यांना आण्णा म्हणतो आणि ते मला अजूनही साहेबच म्हणतात. त्यांच्या कैलासवासी वडिलांनी जमवलेल्या तबकड्यांचे एक कपाट घरात आहे. त्यात मास्तर कृष्णराव आहेत, मल्लिकार्जुन मन्सूर आहेत आणि कोल्हापुरातच जन्मलेल्या सुधीर फडके यांच्या गीतरामायणाच्या दीर्घवादन तबकड्या आहेत. सहा वर्षांपूर्वी आण्णांनी टर्नटेबल घेतले. तेव्हापासून सूर्यास्तापूर्वीचे भोजन आटोपले की एका तबकडीच्या दोन्ही बाजू ऐकायच्या, हा त्या घराचा नेम झाला. नव्वदीकडे झुकलेल्या त्यांच्या मातोश्री, ज्यांना सगळी गल्ली आक्का म्हणते, त्या वेळी आरामखुर्चीत येऊन बसतात. दृष्टी अधू झाल्यामुळे वाचन सुटले आहे. तबकडी तेवढी राहिली आहे.

वर्षभरापासून आवाज फाटू लागला होता. ‘स’ आणि ‘श’ कानाला बोचत. पुण्यास नोकरीत असलेल्या चिरंजीवांनी कोठेतरी वाचले, की व्हॉल्व्हच्या फोनो प्रीअँपने आवाज गोड होतो. आजीच्या वाढदिवसाला त्यांनी तशी एक पेटी मागवून पाठवली. वरच्या बाजूस दोन काचेच्या नळ्या, त्यांत नारिंगी उजेड. दुसऱ्या दिवशी आण्णांचा दूरध्वनी आला, “साहेब, पेटी दिसायला सुरेख आहे बघा, पण आधीचं बरं होतं म्हणायची पाळी आलीय. तुम्ही एकदा येऊन बघा.”

पुढे जाण्यापूर्वी ही पेटी करते काय, ते सांगणे आवश्यक आहे. तबकडीच्या खाचेत फिरणारी सुई कार्ट्रिजमध्ये जी वीज निर्माण करते, ती फारच क्षीण असते. घरगुती वापराच्या चलचुंबक जातीच्या कार्ट्रिजमध्ये ती सुमारे ३ ते ५ मिलिव्होल्ट भरते. नेहमीच्या अँप्लिफायरला शेकडो मिलिव्होल्ट हवे असतात. म्हणजे प्रथम शंभरपट वाढ करणे हे या पेटीचे पहिले काम. दुसरे काम अधिक नाजूक आहे. तबकडी कोरताना खर्जाचे स्वर मुद्दाम दाबतात, नाहीतर खाच इतकी रुंद होईल की एका बाजूवर वीस मिनिटांचे गाणे मावणार नाही; आणि तार स्वर मुद्दाम चढवतात, म्हणजे पुढे ते खाली आणताना खरखरही त्यांच्याबरोबर खाली बसते. अमेरिकेतील ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेने १९५४ मध्ये याचे प्रमाण ठरवून दिले. अगदी खालच्या टोकाला सुमारे दहापट घट आणि वरच्या टोकाला जवळजवळ तितकीच वाढ, असा तो हिशेब आहे. वाजवताना तो बरोबर उलटा करावा लागतो. जमेची बाजू नावे आणि नावेची बाजू जमा केल्याखेरीज ताळेबंद जुळत नाही, तसेच हे.

मी विजेरी घेऊन गेलो. प्रथम टर्नटेबलची मागची बाजू पाहिली. तेथे एक लहान खटका होता. आजकालच्या अनेक टर्नटेबलांत फोनो प्रीअँप आतच बसवलेला असतो आणि तो चालू-बंद करण्यासाठी हा खटका असतो. आण्णांकडे तो चालूच राहिला होता. म्हणजे आधीच वाढवलेला आवाज नव्या पेटीत जाऊन पुन्हा शंभरपट वाढत होता, आणि खर्जाची भरपाईही दुसऱ्यांदा होत होती. एकच रक्कम खात्यात दोनदा जमा! शिल्लक फुगलेली दिसणार आणि ती खोटी असणार. खटका फिरवला. टर्नटेबलची अर्थिंगची बारीक तार पेटीच्या स्क्रूला न जोडता तशीच लोंबत होती, ती आवळली. घुमणारा आवाज तत्काळ थांबला.

तरीही ‘श’ बोचतच होता. तेव्हा मी विचारले, “आण्णा, सुई केव्हा बदलली?” आण्णा म्हणाले, “सुई? ती बदलायची असते होय?”

कागद घेऊन हिशेब मांडला. एका बाजूला सुमारे वीस मिनिटे, म्हणजे रोजची चाळीस. साध्या गोल टोकाच्या हिऱ्याच्या सुईचे आयुष्य साधारण ५०० तास धरतात. रोजच्या चाळीस मिनिटांप्रमाणे ते दोन वर्षे आणि थोडे दिवस होतात. आण्णांची सुई सहा वर्षे चालली होती. मधले खाडे वजा केले तरी हजाराहून अधिक तास. झिजलेल्या हिऱ्याला धारदार कडा येतात आणि तो खाचेची भिंत तासत जातो. आणि तासली गेलेली भिंत पुन्हा भरून येत नाही. वडिलांच्या ठेवीवर रोज संध्याकाळी थोडी थोडी कात्री चालत होती, आणि उपाय म्हणून आपण वर दिवा लावला होता. हे सांगताना मलाच जड गेले. आण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत.

येथे एक गोष्ट आठवते. छत्रपती शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात राहिलेल्या उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर यांचे भैरवीतील गायन १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरील सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर अंतराळात गेले, हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्या तबकडीबरोबर शास्त्रज्ञांनी एक कार्ट्रिज आणि सुईही पाठवली, आणि वेष्टनावर ती कशी टेकवावी याची आकृती कोरली, हे फारसे सांगितले जात नाही. तबकडीला योग्य सुई मिळाली नाही तर ती मुकी, हे त्यांनी ओळखले होते. आपल्या घरातली तबकडी तर पृथ्वीवरच आहे.

नवी सुई आठ दिवसांत आली. तिची किंमत त्या पेटीच्या किमतीचा एक लहानसा हिस्सा होती. जुनी ओढून काढायची, नवी सरकवून बसवायची. दोन मिनिटांचे काम. ती बसताच बहुतेक तबकड्यांचा बोचरेपणा गेला. दोन तबकड्यांचा मात्र गेला नाही. त्या सर्वांत अधिक वाजलेल्या, म्हणजे सर्वांत आवडत्या. बँकेच्या भाषेत ते बुडीत कर्ज. नोंद ठेवायची आणि पुढे जायचे.

मग आम्ही पेटीची परीक्षा घेतली. एकच बाजू कधी टर्नटेबलच्या अंतर्गत प्रीअँपमधून, कधी नव्या पेटीतून ऐकायची. दोन्हींचा आवाज आधी सारखा करून घेतला, कारण थोडा मोठा आवाज कानाला नेहमी अधिक चांगला वाटतो. आण्णा पाठमोरे बसले. चारपैकी दोनदा त्यांनी पेटी बरोबर ओळखली. नाणे उडवले असते तरी इतकेच साधले असते. पेटीसोबतचे पत्रक नीट वाचल्यावर कारण कळले: वाढवण्याचे सगळे काम आतली एक चिप करत होती, व्हॉल्व्ह केवळ अखेरच्या टप्प्यावर उभे होते, आणि नारिंगी उजेड त्यांच्या तळाशी लावलेल्या एलईडीचा होता. खऱ्या व्हॉल्व्हचा तंतू मंद, निखाऱ्यासारखा तापतो. लहानपणी ज्यांनी जुना रेडिओ गरम होण्याची वाट पाहिली आहे, त्यांना तो उजेड आठवत असेल.

म्हणून परवडणाऱ्या किमतीत व्हॉल्व्हचा फोनो प्रीअँप घ्यायचाच असेल, तर कर्जाच्या अर्जाप्रमाणे त्याचे कागद तपासावेत. पहिला प्रश्न: वाढवण्याचे काम व्हॉल्व्ह करतो की चिप? विक्रेत्याने स्पष्ट उत्तर दिले नाही, तर ते चिप करते असेच समजावे. दुसरा प्रश्न: व्हॉल्व्हला दाब किती मिळतो? या कामी सर्वाधिक वापरला जाणारा व्हॉल्व्ह म्हणजे १२एएक्स७. युरोपात त्यालाच ईसीसी८३ म्हणतात. नावातील १२ हा आकडा त्याचा तंतू तापवण्याच्या व्होल्टचा आहे; काम करण्यासाठी त्याला दोनशे-अडीचशे व्होल्ट लागतात. १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालणाऱ्या पेटीत दाब वाढवण्याची सोय आत नसेल, तर तो व्हॉल्व्ह उपाशी राहतो. तिसरे, वाढ सुमारे ४० डेसिबल, म्हणजे शंभरपट, आणि कार्ट्रिजसाठी ४७ किलोओहमचा भार, हे दोन आकडे पत्रकात असावेत. चौथे, अर्थिंगचा स्क्रू असावा. पाचवे, व्हॉल्व्ह खोबणीत बसवलेले असावेत. डाग देऊन पक्के केलेले नसावेत. हे व्हॉल्व्ह आजही रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये तयार होतात, त्यामुळे पुढे बदलता येतात. ऑस्ट्रियाच्या प्रो-जेक्ट या उत्पादकाच्या ट्यूब बॉक्स मालिकेत असे दोन ईसीसी८३ असतात. तुलना करताना असा एखादा नमुना नजरेसमोर ठेवावा. सहावे आणि आपल्या लोकांना सांगायला नको असे: परत करण्याची मुदत, हमी आणि दुरुस्ती कोण करणार, हे लेखी घ्यावे. परदेशातून मागवल्यास वाहतूक, सीमाशुल्क आणि जीएसटी धरूनच किंमत काढावी. आणि हा खर्च दुकानाच्या नावे टाकण्याचा मोह टाळावा!

एक इशारा. खऱ्या व्हॉल्व्हच्या पेटीत उच्च दाबाची वीज असते आणि बटण बंद केल्यावरही ती आतल्या कपॅसिटरमध्ये काही काळ साठून राहते. हौसेने झाकण उघडू नये. जुन्या वाड्यांत अर्थिंग नावापुरतेच असते. आधी तारतंत्रीकडून ते तपासून घ्यावे. आणि ७८ फेऱ्यांच्या जुन्या लाखेच्या तबकड्यांवर दीर्घवादनाची सुई चालवू नये. त्यांची खाच कितीतरी रुंद असते, तिला सुमारे चौपट जाड टोकाची वेगळी सुई लागते. त्यांतील बहुतेक १९५४ च्या प्रमाणाच्या आधीच्या असल्याने त्यांचा हिशेबही निराळा.

तर मग व्हॉल्व्ह घ्यावा की नाही? व्हॉल्व्ह ध्वनीत स्वतःची थोडी भर घालतो आणि अनेकांच्या कानाला ती उबदार वाटते, हे खरे आहे. ती आवडत असेल तर घेण्यात गैर काही नाही. पण खाचेत जे उरलेले नाही ते कोणताही व्हॉल्व्ह परत आणत नाही. कमी खर्चात प्रामाणिकपणे बनवलेला ट्रान्झिस्टरचा प्रीअँप हा नुसत्या दिव्याच्या पेटीपेक्षा केव्हाही बरा. क्रम असा ठेवावा: आधी नवी सुई, मग तबकड्यांची स्वच्छता, मग अर्थिंग, मग प्रीअँप, आणि त्याच्या वर दिवा हवा की नको, हा प्रश्न सर्वांत शेवटी.

आण्णांनी चिरंजीवांची पेटी परत केली नाही. नातवाने आजीसाठी पाठवलेली वस्तू आहे. ती कपाटावर ठेवली आहे आणि सणासुदीला जोडतात. पण टर्नटेबलशेजारी आता एक छोटी वही आहे. रोज किती बाजू वाजल्या याची नोंद त्यात होते आणि १५०० बाजू झाल्या की नवी सुई, असे पहिल्या पानावर लिहिले आहे.

नवी सुई बसवली त्या संध्याकाळी गीतरामायण लावले होते. मध्येच आक्कांनी हात वर केला आणि म्हणाल्या, “थांबा, आता टक् करतंय बघा.” दोन क्षणांनी खरोखरच तबकडीत टक् असा आवाज झाला. आण्णा लहानपणी दोन्ही हातांनी सुई उचलायला गेले होते, तेव्हाचा तो ओरखडा. “वर्षभर ऐकू येत न्हवतं,” आक्का म्हणाल्या, “मला वाटलं, माझेच कान गेले.”